सही वाचता येत नाही

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

केयाने ही वही एप्रिलमध्ये पाठवली, माझी बायको सरला गेली त्याच्या पुढच्या महिन्यात. वर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, 'डॅड, जस्ट राइट.' लेकीला वाटतं, लिहिलं की माणूस हलका होतो. मला वाटलं, पंच्याहत्तरीत नव्याने काय लिहायचं? वही कपाटात पडून राहिली. आज लिहिण्यासारखं आहे, म्हणून हे पहिलं पान.

मी दर मंगळवारी नोव्हायच्या घरून पाऊण तास गाडी चालवत अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांच्या लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून जातो. ही लायब्ररी पुस्तकांची नाही. राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले की त्यांचे सगळे कागद, आलेली पत्रं, भेटी, सगळं एका इमारतीत जपून ठेवतात. आमचे साहेब सत्तरच्या दशकातले. लोकांनी त्यांना काय काय पाठवावं! त्यांच्या कुत्र्यासाठी विणलेले पायमोजे, चार. तांदळाच्या दाण्यावर कोरलेला साहेबांचा चेहरा, त्यातलं नाक भलत्याच कुणाचं. कुणा शेतकऱ्याने ठोकून बनवलेलं पत्र्याचं सहा फुटी कणीस. यातल्या निवडक वस्तूंचं 'खजिना' नावाचं प्रदर्शन चार ऑक्टोबरला उघडणार आहे.

आणि त्यात भारतातून आलेली एक पाटी आहे. शाळकरी मुलांची, दगडी, लाकडी चौकटीची. चौकटीला भोक पाडून लाल दोरा बांधलाय आणि एक कोपरा काळवंडलाय. आमची क्युरेटर डेब्रा म्हणाली, "नरेन, सोबतची चिठ्ठी तू लिहिलेली का?" बघितलं तर माझीच. १९८२ साली लायब्ररी नवी होती, भारतीय भाषा वाचणारं कुणी मिळेना, म्हणून पाटीसोबतचं पत्र वाचायला मला बोलावलं होतं. ड्रॉइंग बोर्डावर घोटलेली माझी उभी इंग्रजी कॅपिटल्स अजून तशीच आहेत. केया त्यांना 'डॅड-फॉन्ट' म्हणते. आमच्या स्वयंपाकघरात गोड्या मसाल्यापासून साबुदाण्यापर्यंत प्रत्येक डब्यावर तीच अक्षरं.

चिठ्ठीत लिहिलंय ते असं: 'भारतातील एका शाळामास्तरांकडून. विद्येच्या सणानिमित्त अमेरिकेतील मुलांना शुभेच्छा व पाटीची भेट. सही वाचता येत नाही. एन. जी.'

डेब्राने विचारलं, उद्घाटनाला दसऱ्याचं पाटीपूजन करून दाखवशील? मी लगेच हो म्हटलं. सरला असती तर म्हणाली असती, चढवलं तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर.

११ सप्टेंबर, गुरुवार

डेब्राने एक ईमेल पुढे पाठवली. ॲन आर्बरला पब्लिक हेल्थमध्ये पीएच.डी. करणारी मुलगी आहे, उपासना पाईकराव. तिच्या घरी रजिस्टर पोस्टाची पावती आहे, परभणीची, मार्च १९७६ ची. पत्ता अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा. पाठवणारे तिचे आजोबा गंगाधर पाईकराव. काय पाठवलं होतं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. लायब्ररीने नावांच्या सूचीत शोधलं, तिथे हे नाव नाही. मराठी माणूस म्हणून मी मदत करावी, असं डेब्राचं म्हणणं.

ती ईमेल उगीच तीन वेळा वाचली. रात्रीचं जेवण गेलं नाही. पित्त झालंय बहुतेक.

१६ सप्टेंबर, मंगळवार

उपासनाला ॲन आर्बरहून गाडीत घेतलं. तिच्याकडे गाडी नाही आणि लायब्ररीपर्यंत बस जात नाही. तिशीची, किरकोळ बांध्याची, बोलणं स्वच्छ. गाडीत बसल्याबसल्या "काका, तुम्हाला खूप त्रास दिला" म्हणाली. मी सहज विचारलं, "पाईकराव म्हणजे तुम्ही कुठले?"

"परभणी जिल्हा, काका."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"मूळचेही तिथलेच." तिने सीटबेल्ट ओढून लावला. मग आपणहून म्हणाली, "आम्ही बुद्धिस्ट आहोत."

मी म्हटलं, "अगं, मी कुठे तसं विचारलं? आमच्या घरात हे असलं कधी पाळलंच नाही." खरंच सहज विचारलं होतं. हल्लीच्या मुलांना साध्या प्रश्नातही काहीतरी दिसतं.

पुढचा पाऊण तास ती बोलत होती आणि मी रस्त्याकडे बघत होतो. १९७६ चा मार्च. गावातली त्यांची वस्ती भर दुपारी जळाली, अकरा घरं. आजोबा शाळेत मास्तर. त्यांची सात वर्षांची मुलगी सुजाता आगीत गेली. तिला काढायला आत घुसलेली आजी, शांताबाई, अर्धी भाजली आणि तीन महिने औरंगाबादच्या दवाखान्यात होती. उपासनाचे वडील तीन वर्षांचे, ते आत्याकडे होते म्हणून वाचले. पंचनाम्यात लिहिलं, शांताबाईच्या चुलीतली ठिणगी उडून आग लागली. आणीबाणीचे दिवस. दहा दिवसांत मास्तरांना उचललं, जूनमध्ये ते तुरुंगातच वारले. नवराबायकोची पुन्हा भेट नाही. त्यांच्या कोटाच्या खिशात ही पावती तेवढी सापडली.

"आजी चौऱ्याऐंशीची आहे, काका. नांदेडला ॲडमिट आहे, हार्ट फेल्युअर. डॉक्टर म्हणतात, दिवस मोजायचे. तिला एकच जाणून घ्यायचंय. चूल तिने विझवली होती की नाही."

"तिला आठवत नाही?"

"आठवतं, विझवली होती असं. पण गावाने, पोलिसांनी, पाहुण्यांनी, सगळ्यांनी पन्नास वर्षं सांगितलं की नाही विझवलीस. तुझ्याच चुलीने पोर खाल्ली म्हणायचे तिला. आता तिचाच स्वतःवर विश्वास नाही उरला. आजोबांनी काहीतरी लिहिलं असणार ना? नाहीतर एवढ्या लांब कोण पाठवतं?"

मी म्हटलं, बघू.

लायब्ररीत ती वाचनकक्षात बसली आणि मानवी हक्क, भारत, आणीबाणी असे खोके मागवत राहिली. डेब्राने मला बाजूला घेतलं. "नरेन, ती पाटीही भारतातूनच आली होती. मास्तरांकडून. तिच्यासोबतचं पत्र तेच नसेल ना? दाखवू का तिला?"

मी म्हणालो, "नाही, ते हिंदीत आहे. उत्तरेकडचं."

असं का म्हणालो कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. डेब्राने मान डोलावली आणि लेबलच्या मजकुरात 'उत्तर भारत' घातलं. पत्रही पाटीशेजारी मांडायचा तिचा विचार होता. मी सुचवलं, शाई फिकी झालीय, एकटी पाटीच उठून दिसेल.

२१ सप्टेंबर, रविवार

उपासना घरी आली होती. येताना लिंबाचं लोणचं घेऊन आली, आईच्या हातचं, बरणीला फडकं बांधलेलं. गुणी मुलगी. सरलाच्या फोटोसमोर दोन मिनिटं उभी राहिली. डब्यांवरची अक्षरं बघून हसली, "काका, हे तर म्युझियम आहे." मी चहा केला. तिला कागदी कपात दिला, मी माझ्या स्टीलच्या पेल्यात घेतला. हल्ली कुणी आलं की कागदी कपच काढतो, एकट्याने भांडी कोण घासणार? तिने कपाकडे बघितलं आणि मग पेल्याकडे. मी म्हटलं, "धुवायचा कंटाळा गं." ती म्हणाली, "हो, काका."

आजीला आता ऑक्सिजन लावलाय. रोज विचारते, अमेरिकेतून काही आलं का.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज उपासनाची लॅब होती, ती आली नाही. डेब्रा मीटिंगला गेली तेव्हा तिच्या ढकलगाड्यावरचा खोका उघडला. खोका ११४, फोल्डर ६, 'सणवार व शुभेच्छा'. पत्र तसंच आहे. चार पानं, आखीव कागद, मोत्यासारखं अक्षर. त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा वाचलं. शाई मुळीच फिकी झालेली नाही.

परत ठेवलं. पुढच्या मंगळवारी सांगेन. नीट बसवून, समजावून सांगावं लागेल. अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज सांगणार होतो. गाडीत दोनदा विषय काढायला तोंड उघडलं, पण दोन्ही वेळा तिचा फोन वाजला, नांदेडहून. लायब्ररीत पोचलो तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. सरकारकडे उद्यापासून खर्चाला मंजुरी नाही, शटडाउन. सगळ्या राष्ट्राध्यक्षांच्या लायब्रऱ्या बंद. प्रदर्शनाचं उद्घाटन कॅन्सल केलं. डेब्रा चाव्या जमा करत होती, तिच्या स्वतःच्या पगाराचाही पत्ता नाही.

दुपारी अडीच वाजता खोका माझ्यापासून वीस पावलांवर होता. उपासना वाचनकक्षातून बाहेर आली आणि म्हणाली, "काही नाही मिळालं, काका. आता कधी उघडणार?" मी म्हटलं, "चार-पाच दिवसांचा खेळ असतो हा. मग निवांत बघू."

परत येताना ती झोपून गेली. मी रेडिओ लावला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

परवा उद्घाटनाला पाटीपूजन करायचं होतं, ते राहिलं. उपासनाचा मेसेज आला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा, काका. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

हे लिहून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही.

सकाळी दहाला उपासना आली. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो, तेवढ्यात नांदेडचा व्हिडिओ कॉल आला. तिने आजीला सांगितलं, "हे बघ, लायब्ररीतले काका," आणि फोन माझ्या हातात दिला. मला नको म्हणायला सवडच मिळाली नाही.

नाकात नळी घातलेली म्हातारी. गळ्यापासून हनुवटीपर्यंत कातडी आक्रसलेली. डोळे मात्र लखलखीत. म्हणाली, "साहेब, तुम्ही त्या लायब्रीत असता म्हणं. सापडलं का काही?"

"शोधतोय, आजी."

"लई दिस झाले. घाई न्हाई. पण मला आता लई वेळ बी न्हाई." हसली. मग म्हणाली, "साहेब, घरातून निघाले की म्या वापस फिरते. चूल बघाया. आता गॅस हाय, तरी फिरते. बंद असतो. जिना उतरते, पुन्हा वापस फिरते. सून रागावती. पन्नास वर्सं झाली."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"पोरीची पाटीसुदिक घावली न्हाई. लाल दोरा बांधला व्हता म्या. तुम्हाला कागद घावला तर एवढंच बघा, मास्तरानं चुलीचं काय लिव्हलंय. बाकी काय बी नगं."

उपासना ओट्याशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. मला वाटतं रडत होती.

मी म्हणालो, "लायब्ररी बंद आहे, आजी. उघडली की बघतो."

"बघा. तुमच्या हातून व्हईल. भले दिसता."

फोन बंद झाल्यावर उपासना म्हणाली, "थँक्यू, काका. तुमच्याशी बोलून तिला बरं वाटलं."

१३ ऑक्टोबर, सोमवार

हातात कागद नसताना कुणाला काय सांगणार? मी म्हातारा काहीतरी सांगणार आणि लोक म्हणतील, याला भ्रम झालाय. पुरावा हवा. लायब्ररी उघडली की पहिल्या दिवशी.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शांताबाई आज पहाटे गेल्या. उपासनाचा मेसेज: 'आजी गेली, काका. परवा शेवटचं विचारलं होतं.'

लायब्ररी अजून बंद आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

केया म्हणते 'जस्ट राइट', तर घे, लिहितो.

१९८२. मी बत्तिसाचा होतो, मोटार कंपनीत ड्राफ्ट्समनचा नुकताच इंजिनियर झालो होतो. लायब्ररीत मिसेस हॉलंड म्हणून बाई होत्या. आमच्या पहिल्या हिवाळ्यात सरलाला स्वतःच्या मुलीचा कोट दिला होता त्यांनी. थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलवायच्या. मी त्यांना आमच्या देशाबद्दल खूप सांगत असे. आम्ही विद्येची पूजा करतो, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतो, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतो. त्यांचे डोळे पाणवायचे. त्या दिवशी त्यांनी ही पाटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "बघ, तू सांगतोस तेच! काय लिहिलंय रे या गोड माणसाने?"

आणि मी पत्र वाचलं.

पाठच आहे मला. कधीच विसरलो नव्हतो.

'माननीय महोदय, सोबतची पाटी माझी कन्या सुजाता, इयत्ता दुसरी, हिची आहे. मी शाळेत सर्व मुलांस हजेरीच्या क्रमाने एका रांगेत बसविले, एवढ्यावरून दिनांक ४ मार्च रोजी दुपारी आमच्या वस्तीतील अकरा घरे जाळण्यात आली. करणाऱ्यांची नावे मागील पानावर दिली आहेत. पंचनाम्यात माझ्या घरच्या चुलीपासून आग लागल्याचे लिहिले आहे, ते असत्य आहे. आग उगवतीच्या टोकाला लागली, माझे घर मावळतीचे शेवटचे. पत्नी शांताबाई पाण्यास जाताना चुलीत पाणी ओतून गेली होती. मी स्वतः आगीनंतर चुलीत हात घालून पाहिला. खालची राख ओली होती. पत्नी दवाखान्यात आहे. ती वाचली तर स्वतःस दोष देईल, असा तिचा स्वभाव आहे. येथे हल्ली कोणी छापत नाही व ऐकत नाही. ही पाटी व हा कागद येथे राहिल्यास नाहीसे होतील. आपल्या देशात कागद जपून ठेवतात असे वाचले आहे. कृपया जपून ठेवावे. आमचे कोणी मागावयास आल्यास द्यावे. आपला, गंगाधर नारायण पाईकराव, सहशिक्षक.'

मिसेस हॉलंड माझ्याकडे हसून बघत होत्या. खोलीत सहा-सात गोरी माणसं आणि मी एकटा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वाटलं. आपल्या घरची घाण यांच्यासमोर कशाला? मला लाज वाटली. पण कशाची? मुलगी मेली त्याची नाही वाटली. माझ्याबद्दल यांचं मत बदलेल याची वाटली. तर मी शुभेच्छा लिहिल्या. खाली नाव इतकं स्वच्छ होतं की ते लिहिलं असतं तर सूचीत गेलं असतं आणि कुणीतरी कधीतरी विचारलं असतं. म्हणून लिहिलं, सही वाचता येत नाही.

मास्तरांनी सांगितलं तसं यांनी खरंच जपलं. पन्नास वर्षं, योग्य तापमानात, आम्लविरहित कागदात. फक्त सापडू नये अशी व्यवस्था मी केली.

आणि तेसुद्धा ८२ सालचं एक वेळ सोडून देऊ. १२ ऑक्टोबरला म्हातारी माझ्याकडे बघत होती. 'राख ओली होती, आजी.' एवढंच बोलायचं होतं. त्याला लायब्ररी उघडी लागत नव्हती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लायब्ररी काल उघडली. उपासनाला मेसेज केला: खोका ११४, फोल्डर ६. बाकी काही लिहिलं नाही. तिनेही काही विचारलं नाही. मैत्रिणीच्या गाडीने गेली, असं डेब्राकडून कळलं. संध्याकाळी पाचला वाचनकक्ष बंद होईपर्यंत तिथे बसून होती. डेब्राने फोनवर विचारलं, "नरेन, तू म्हणालास हे हिंदीत आहे." मी म्हटलं, "वय झालं, डेब्रा. घोटाळा झाला असेल." तिने फोन ठेवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

उपासना आली. कोट काढला नाही. मी आधीच चहा करून ठेवला होता, तिच्यासाठी सरलाचा स्टीलचा पेला काढला होता. तिने पेल्याकडे बघितलं. "आज स्टीलचा?" एवढंच म्हणाली. चहाला हात लावला नाही.

"सही वाचता येते, काका. मी आजोबांचं अक्षर पहिल्यांदाच बघितलं. पटकन वाचता आलं."

मी मान खाली घातली.

"त्या रविवारी, आजीशी बोलताना, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सगळं? राखेचं पण?"

"हो."

तिने ओरडावं असं मला वाटत होतं. चांगलं खडसावलं असतं तर मी पाया पडलो असतो, माफी मागितली असती, दोघं रडलो असतो आणि कुठेतरी मिटलं असतं. तशी संधी तिने दिली नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला. "डेब्राने नवीन लेबल मागितलंय. भाषांतर मी केलं. तुम्हाला दाखवायला आणलं नाही, फक्त सांगायला आले. तुमची जुनी चिठ्ठीसुद्धा पाटीशेजारी राहणार. डेब्रा म्हणाली, आर्काइव्हमध्ये काही फेकत नाहीत."

"माझं नाव?"

"नाव नाही टाकलं. 'एका व्हॉलंटियरचं भाषांतर, १९८२' असं आहे."

मला हायसं वाटलं. इथे तरी खोटं लिहीत नाही, हायसंच वाटलं.

दारात बूट घालताना म्हणाली, "पाटी आम्ही परत मागितलीय. बाबांनी अर्ज केलाय. आजोबांनी लिहून ठेवलंय ना, मागायला आले तर द्या." मग जरा थांबून, "आजीचं पुण्यानुमोदन झालं तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं सांगायला. आता बाबा तिच्या फोटोसमोर पत्र वाचतात. रोज. फोटोसमोर, काका."

मी सोडायला येऊ का विचारलं. नको म्हणाली. बसथांबा इथून दीड मैल आहे आणि रविवारी बस तासाला एक.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

थँक्सगिव्हिंगला केया आली, एडिसनहून विमानाने. सोमवारपर्यंत राहणार आहे. काल दोघांनी सरलाच्या पद्धतीचा मसालेभात करून बघितला. आठ महिन्यांत पहिल्यांदा घरात फोडणीचा वास. रात्री पत्ते खेळलो.

आज म्हणाली, "डॅड, आय वॉन्ट टु सी युअर लायब्ररी." मी टाळत होतो, बर्फ पडलाय म्हणालो. तिने ऐकलं नाही, स्वतःच ड्राइव्ह केलं.

'खजिना' मंगळवारी उघडलं. पायमोजे, दाणा, कणीस बघून केया खूप हसली. मग पाटीपाशी आली. मधोमध पाटी, लाल दोरा वर काढून नीट मांडलेला. डावीकडे मास्तरांचं पत्र आणि उपासनाचं इंग्रजी, पूर्ण, नावांच्या यादीसकट. उजवीकडे माझी चिठ्ठी. केयाने एक एक ओळ सावकाश वाचली. सरलाही असंच ओठ हलवत वाचायची.

"ओ माय गॉड," ती हळूच म्हणाली. "शी वॉज सेव्हन." मग उजवीकडचं वाचलं. "हू डज दॅट, डॅड? ही कुड रीड इट. ही रेड द होल थिंग, ॲण्ड ही रोट दिस. हू वुड डू दॅट?"

मी म्हणालो, "असेल कुणीतरी व्हॉलंटियर. तेव्हा भाषा येणारी माणसं कमी होती."

ती चिठ्ठीकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मला पाय दुखतात म्हणून मी बाकावर जाऊन बसलो.

परतताना तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. रस्ता निसरडा होता, लक्ष देऊन चालवत असेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उठलो तर केया स्वयंपाकघरात उभी. कपाट उघडं, समोर डब्यांची रांग. साबुदाणा, गोडा मसाला, चहा. हातात काही नव्हतं, नुसती उभी होती.

"चहा टाकतेस का?" मी विचारलं.

"नो, डॅड."

फ्लाइट बदलून आजची घेतली म्हणाली. ऑफिसचं काहीतरी निघालं. वकिलांना सुट्टीतही चैन नसतं. मी म्हटलं, मी सोडतो एअरपोर्टला. बूट घातले, किल्ली घेतली, तिची बॅग गॅरेजपर्यंत नेली आणि वाटलं, गॅस बंद केलाय का? आत येऊन बघितलं. बंद होता. गॅरेजपर्यंत गेलो आणि पुन्हा वाटलं. परत आत आलो. चारही खुंट्या एक एक करून हाताने फिरवून पाहिल्या.

बाहेर आलो तर ड्राइव्हवेवर एक पांढरी गाडी उभी होती आणि केया मागच्या सीटवर बसत होती. उबर बोलावली होती. काच खाली करून म्हणाली, "राहू दे, बाबा." लहानपणानंतर मराठीत बोलली असेल तर आजच.

गाडी कोपऱ्यावरून वळली. मी आत येऊन पुन्हा एकदा गॅस बघितला.